तुमचे प्रश्न : खुंटीवरची ठासणीची बंदूक आणि घरात अडकलेला माणूस

प्रश्न : काका नमस्कार. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. दोन महिन्यांपूर्वी बाइक घसरली, पायात रॉड टाकलाय, अजून तीन महिने तरी घराबाहेर पडायचं नाही असं डॉक्टर म्हणालेत. पडल्या पडल्या मोबाइलवर परदेशातल्या लोकांचे जुन्या बंदुकांचे व्हिडिओ बघत असतो आणि आता त्याचं वेडच लागलंय. आमच्याकडे देवघराबाहेर खुंटीवर पणजोबांची एक बंदूक टांगलेली आहे, खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहतो तेवढंच, कोणी चालवल्याचं कुणाला आठवत नाही. घरी बसून असं कलेक्शन सुरू करता येईल का, बजेट किती लागेल, आणि ही बंदूक घासून चकाचक कशी करायची?

उत्तर : तुमचं पत्र वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. आनंद यासाठी की ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून अशा वस्तू भंगारवाल्याकडे जाताना मी पाहिल्यात आणि तुमच्या वयाच्या कुणाला तरी ती खुंटी दिसतेय. काळजी वाटली ती 'घासून चकाचक' या शब्दांची. ते तेवढं करू नका, हात जोडून सांगतो. का ते पुढे सांगतो, पण त्याआधी दोन गोष्टी आजच्या आज करायच्या आहेत.

पहिली, ती बंदूक भरलेली नाही ना हे बघायचं. हसू नका, ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेतच वर्षानुवर्षं भिंतीवर राहिलेल्या असतात, कुणीतरी कधीतरी दारू आणि गोळी ठासून ठेवली, वापरायची वेळ आली नाही, तो माणूस गेला आणि बंदूक तशीच राहिली. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीसुद्धा पेटू शकते. तुम्ही उठू नका, घरातल्या मोठ्या माणसाला सांगा. नळीचं तोंड कुणाकडेही नको, घोड्याला आणि चापाला हात लावायचा नाही, मुलं खोलीबाहेर. मग एक सरळ लाकडी काठी नळीत अलगद सोडायची, थांबेल तिथे नळीच्या तोंडापाशी काठीवर पेन्सिलने खूण करायची, काठी बाहेर काढायची आणि ती खूण नळीच्या तोंडाशी ठेवून काठी बाहेरून नळीला लावून बघायची. काठीचं टोक मागे बत्तीच्या भोकापर्यंत (नळीच्या बुडाशी असलेलं, दारूला ठिणगी पोचवणारं भोक) पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं आधीच थांबलं तर आत काहीतरी आहे. ती दारू असेल, कचरा असेल, गांधीलमाशीचं घर असेल, काहीही असेल, उकरायचं नाही, लायसन्सवाल्या बंदूक दुकानदाराच्या मिस्त्रीला बोलवायचं. बस.

दुसरी, कागद. पणजोबांची, आजोबांची, वडिलांची लायसन्सची वही घरात शोधा. बऱ्याच लोकांचा समज असतो की बंदूक जुनी आहे म्हणजे लायसन्स लागत नाही, आणि हा समज चुकीचा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात सूट आहे, पण ती जुन्या पद्धतीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या अशा हत्याराला, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. 'दुरुस्त करूनही' हे शब्द नीट वाचा. घोडा तुटलाय, लाकूड कुजलंय, तरी नळी शाबूत असेल तर ती बंदूकच, आणि ठासणीच्या बंदुकीलाही लायसन्स लागतं. तुमची बंदूक या सवलतीत बसते की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही, मीही नाही. कागद सापडला नाही तर वकिलाला घरी बोलावून त्याच्या सल्ल्याने कलेक्टर कचेरीत अर्ज द्या आणि जे उत्तर येईल ते लेखी घ्या.

आता कलेक्शन. खरं सांगतो, व्हिडिओत दिसतात तशा वीस-पंचवीस बंदुका भिंतीवर लावणं आपल्याकडे साध्या माणसाला शक्य नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका लायसन्सदाराला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी तीन होत्या, नेमबाजी खेळाडूंचे नियम वेगळे. वारशाने आलेलीसुद्धा त्या दोनातच धरतात. आणि नुसती नळी किंवा नुसतं लॉक (घोडा आणि ठिणगी पाडणारी यंत्रणा) विकत घेऊ म्हणाल तर कायद्यात 'शस्त्र' या शब्दात त्याचे भागही येतात, म्हणजे तीही पळवाट नाही. तेव्हा बजेटचा प्रश्न सोडून द्या. मी पस्तीस वर्षं या छंदात आहे आणि माझ्याकडे बंदूक एकच आहे, लायसन्सवर. बाकी सगळा संग्रह वाचलेल्या बंदुकांचा आहे. हो, बंदूक वाचता येते, आणि त्याला पाय लागत नाहीत.

तुमच्याच बंदुकीपासून सुरू करा. ती खाली उतरवून जाड गोधडीवर ठेवायला सांगा, खिडकीचा उजेड आडवा पडू दे आणि मोबाइलने जवळून फोटो काढा. पहिला प्रश्न, पेटायची कशी? वाकडा लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला जळता तोडा, म्हणजे दोरीची वात, धरायची चीर दिसली तर ती तोड्याची बंदूक. गारगोटी आवळून धरणारा जबडा असेल आणि समोर घाव झेलायला पोलादी पट्टी असेल तर चकमकीची. घोड्याचं टोक हातोडीसारखं, तळाशी खोलगट असेल आणि खाली बारीक नळकांडं असेल, ज्यावर ठोका बसताच पेटणारी तांब्याची टोपी बसते, तर टोपीची. टोपी प्रचारात आली 1820 च्या पुढे, म्हणून हा एक प्रश्न तुम्हाला निम्मं वय सांगून जातो. मात्र सांभाळून, कारण गावोगावच्या मिस्त्रींनी तोड्याच्या आणि चकमकीच्या कितीतरी बंदुका नंतर टोपीच्या करून दिल्या. जुनं भोक बुजवलेलं दिसतंय का, लाकडात जुन्या लॉकची रिकामी खाच उरलीय का, ते बघा. मला विचाराल तर अशी बदललेली बंदूक मूळ बंदुकीपेक्षा जास्त बोलते.

मग नळीच्या आत टॉर्च मारून फोटो काढा (रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच, आणि डोळा नळीला लावायचा नाही, कॅमेराच लावायचा). आत पिळाचे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) आहेत की गुळगुळीत आहे? बाहेरून 1853 च्या एन्फिल्ड या इंग्रजी फौजेच्या रायफलीसारखी, नळीला तीन कड्या, आणि आत मात्र गुळगुळीत, अशी असेल तर तिच्यामागे गोष्ट आहे. 1857 नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी मुद्दाम आटे नसलेल्या नळीच्या बंदुका काढल्या, म्हणजे नेम लांबवर लागू नये. अविश्वास लोखंडात कसा उतरतो ते तिथे बोटाने कळतं.

आता घासण्याबद्दल. आमच्या घरी दर खंडेनवमीला मोठे काका बंदूक अंगणात घ्यायचे आणि विटेची पूड नि लिंबाने घासायचे, आरशासारखी झाली पाहिजे असा त्यांचा आग्रह. भक्तीने करायचे, त्यांना दोष देत नाही. माझ्या हातात आली तेव्हा घोड्याखालच्या लॉकप्लेटवर फक्त एक शेपटी आणि मागचा एक पाय उरला होता. मी महिनाभर भिंग घेऊन बसलो तेव्हा कळलं की तो सिंह होता, पुढच्या पंजात मुकुट धरलेला, ईस्ट इंडिया कंपनीची खूण. त्याच पट्टीवर साल असायचं, ते पूर्ण गेलं. आमच्या ग्वाल्हेरच्या दृष्टीने त्या सालाला फार अर्थ होता. हे लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांची छावणी, 1810 च्या सुमारास इथे स्थिरावली आणि तिचंच शहर झालं. 29 डिसेंबर 1843 ला महाराजपूर आणि पनिहारला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, शिंद्यांच्या फौजेच्या तोफा इंग्रजांनी नेल्या आणि त्याच धातूतून आपल्या शिपायांना पदकं पाडून दिली. आमची बंदूक त्या दिवसाच्या आधी घडवलेली की नंतर, हे त्या चार आकड्यांवरून कळलं असतं. आता नाही कळणार. म्हणून म्हणतो, तुम्हाला जो गंज वाटतोय तो बरेचदा गंज नसतोच, जुन्या कारागिरांनी मुद्दाम चढवलेला तपकिरी रंग असतो.

करायचं एवढंच. मऊ सुती कापड, त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब, लोखंडावरून हलका हात. लाकडाला पॉलिश नाही, पितळेला चिंच नाही. हातमोजे घाला, घामाने बोटांचे ठसे लोखंडात खातात. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं पावसाळ्यात ओल धरतं. हळदकुंकू जरूर वाहा, पण खाली ठेवलेल्या कापडावर.

आणि जमवायचं काय ते सांगतो. एक जाड वही करा, एका बंदुकीला चार पानं. शेजारीपाजारी, नातेवाइकांत, सरदारांच्या जुन्या वाड्यांत ज्यांच्याकडे लायसन्सवर जुनी बंदूक आहे त्यांच्याकडून फोटो मागवा, व्हॉट्सअॅपवर माणसं आनंदाने पाठवतात आणि सोबत आठवणीही सांगतात, त्या तारखेसकट लिहून घ्या. घरात मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेली दप्तरं) असतील तर ते उघडा, मोडी दोन-तीन महिन्यांत वाचण्यापुरती येते आणि तुमच्याकडे बरोबर तेवढाच वेळ आहे! शिलेखान्याची, म्हणजे शस्त्रागाराची, एखादी यादी, दारूगोळ्याचा हिशेब, शिकारीची चिठ्ठी असलं काही सापडलं तर ते कुठल्याही बंदुकीपेक्षा दुर्मीळ. लीड्सच्या रॉयल आर्मरीजचा संग्रह इंटरनेटवर फुकट बघता येतो, त्यातल्या भारतीय बंदुकांशी आपली ताडून बघा. पाय बरा झाला की पुण्याचं केळकर संग्रहालय बघा. बंदुकीची दारू ठेवायची जुनी शिंगं विकायला येतात, सुंदर असतात, पण हस्तिदंत किंवा सांबरशिंग असेल तर 1972 चा वन्यजीव कायदा आडवा येतो, हात लावू नका.

पहिले फोटो झाले की मला पाठवा, लॉकप्लेटचा आधी.

प्रश्न : सासरे चार महिन्यांपूर्वी गेले. त्यांची बारा बोरची दुनाळी कपाटात आहे, लायसन्स त्यांच्याच नावावर. मिस्टर नोकरीसाठी बाहेरगावी, मी सासूबाईंच्या आजारपणामुळे घराबाहेर पडू शकत नाही. सासूबाई म्हणतात, आठवण आहे, राहू दे. काय करावं? (ग्वाल्हेर, जनकगंज)

उत्तर : ताई, सासूबाईंचं दुःख समजतं, पण लायसन्सदार गेल्यावर ती बंदूक आणि काडतुसं घरात राहिली तर अडचण तुमच्यावर येईल. मिस्टरांना दोन दिवसांची रजा घ्यायला सांगा आणि ती ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या दुकानदाराकडे जमा करा. पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर आहे का ते तिथेच उभं राहून वाचा, हे फार महत्त्वाचं. मग वारस म्हणून मिस्टरांच्या नावाने कलेक्टर कचेरीत अर्ज. लायसन्स मिळालं तर बंदूक परत येते, लायसन्स आता पाच वर्षांचं असतं. ग्वाल्हेरला निवडणूक आली की जमा करायची सवय सगळ्यांना आहेच, तसंच समजा, फक्त थोडं लांब. सासूबाईंना सांगा, बंदूक गेली नाही, सांभाळायला दिलीय. आणि जमा करण्याआधी लायसन्सच्या वहीच्या सगळ्या पानांची झेरॉक्स काढून त्यांच्याजवळ द्या, त्यात सासऱ्यांच्या सह्या आहेत.

एक जाता जाता, ज्यांचे वडील सत्तरीचे आहेत किंवा ज्यांच्याकडे बंदूक पंचवीस वर्षं आहे, त्यांना हयातीतच वारसाच्या नावावर करून देता येते. हे लोकांना माहीतच नसतं आणि मग अशी धावपळ होते.

प्रश्न : फेसबुकवर एक जण होळकरांच्या काळातलं पिस्तूल विकतोय, 18 हजार, अर्धे आधी, कुरिअरने घरपोच. त्यावर देवनागरीत 'यशवंतराव होळकर 1801' कोरलंय आणि टोपीचा घोडा आहे. मी वर्क फ्रॉम होम, कुठे जाऊन बघू शकत नाही. घेऊ का? (इंदूर)

उत्तर : नाही. लायसन्सशिवाय पिस्तूल कुरिअरने मागवणं हा गुन्हा आहे, आणि खोटं निघालं तर पैसेही गेले. ते खोटंच आहे. ठोक्याने पेटणाऱ्या दारूचं पहिलं पेटंट इंग्लंडात फोर्सिथने 1807 ला घेतलं, टोपी तर त्याच्याही नंतरची, मग 1801 च्या पिस्तुलाला टोपीचा घोडा आला कुठून? आणि त्या काळी आपल्याकडे इसवी सन कोण कोरत होतं, शक असेल, संवत असेल, हिजरी असेल. यशवंतरावांनी भानपुऱ्याला तोफांचा कारखाना काढला, तिथेच 1811 मध्ये ते गेले, छत्रीही तिथेच आहे. त्या माणसाच्या नावावर असला माल विकलेला बघून मला मनापासून वाईट वाटतं. पैसे पाठवले नसतील तर त्याला ब्लॉक करा. पाठवले असतील तर हे वाचून होताच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात.