प्रोबेटमधलं घर घेताय? विसार देण्याआधी हे बघा

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या बंगल्याबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला. मालक वारले, मृत्युपत्राने घर धाकट्या मुलाला, प्रोबेटचा (मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याचा) अर्ज जिल्हा न्यायालयात, आणि एजंट म्हणतोय, "दहा टक्के विसार देऊन टाका, ऑर्डर येतेच आहे." आम्ही यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही, कागद तुमच्या वकिलांनाच दाखवा.

सर्च आणि जाहीर नोटीस तुम्ही करालच. पण सर्चमध्ये दुय्यम निबंधकांकडे नोंदलेले दस्त दिसतात. प्रोबेटला कुणी हरकत घेतली आहे का, ते तिथे कळत नाही. त्यासाठी ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर पक्षकाराच्या नावाने शोधा आणि वकिलांकरवी कोर्टातली फाइल बघून घ्या. कॅव्हिएट (हरकतीचा अर्ज) दाखल होऊन वाद उभा राहिला, तर तो अर्ज दाव्यासारखा चालतो आणि मग वर्षं जातात. एजंटच्या "येतेच आहे"वर एक रुपयाही देऊ नका.

आणखी एक गोष्ट विक्रेत्याला तोंडावर विचारा. नाशिकमध्ये केलेल्या मृत्युपत्राला, नाशिकच्याच मिळकतीसाठी प्रोबेट सक्तीचं नाही. मग अर्ज केलाच का? बँकेने मागितलं म्हणून केला असेल तर ठीक. घरातलं कुणी कुरकुरतंय म्हणून केला असेल, तर त्या माणसाला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आमचं सगळ्यात मोठं नुकसान मात्र प्रोबेट हातात आल्यावर झालं. उताऱ्यावर विक्रेत्याचं नाव लावायला आम्ही एका कार्यालयात गेलो, कुठलं ते लिहीत नाही. टेबलावरच्या माणसाने प्रोबेट उलटंपालटं केलं, सोबत जोडलेल्या मृत्युपत्रावरचा कोर्टाचा शिक्का बघितला आणि म्हणाला, "बहिणींचं हक्कसोडपत्र आणा." अहो, मृत्युपत्र खरं आहे हे कोर्टाने ठरवलं, त्यात बहिणींना हे घर दिलेलंच नाही, मग त्यांनी सोडायचं काय? पण लेखी काही द्यायला तो तयार नव्हता. विक्रेता बिचारा सही मागायला बहिणीकडे गेला. तिला साहजिकच वाटलं, सही मागतायत म्हणजे आपला हक्क असणार. तिने हिस्सा मागितला, विक्रेत्याने भाव वाढवला, तोवर आमच्या कर्जमंजुरीची मुदत संपली. प्रोसेसिंग फी गेली, भाड्याच्या घराचं भाडं चालूच. आजही आठवलं की संताप होतो.

म्हणून सांगतो, अर्ज लेखीच द्या, पोच आणि आवक क्रमांक घ्या, आणि त्रुटी काढली तर ती लेखी मागा. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही तर त्याखाली अपील करता येतं. तोंडी मागणीवर विक्रेत्याला नातेवाइकांकडे अजिबात पाठवू नका.

माझं मत विचाराल तर नाव लागेपर्यंत विसार अगदी नाममात्र ठेवा, तोही चेकने. विसार पावतीत "ठरलेल्या तारखेपर्यंत नाव न लागल्यास रक्कम परत" हे वाक्य हवंच. ताबा आधी देतो म्हणाले तरी घेऊ नका. काही जण म्हणतील मी फार घाबरवतोय, पण त्यांचे पैसे अडकलेले नाहीत.

प्रोबेटमुळे मृत्युपत्र खरं ठरतं, वारलेल्या माणसाची मालकी ठरत नाही. घर वडिलोपार्जित असेल तर त्यांना फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्माने हिस्सेदार आहेत. तेव्हा मयतांच्या नावे घर कसं आलं, तो मूळ दस्त मागाच.

जाता जाता, किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस तुम्हालाच कापून भरायचा असतो. विक्रेता परदेशात राहत असेल तर नियम वेगळे आणि कपात बरीच जास्त, त्यामुळे सीएला आधीच विचारून ठेवा.