जे पेटीत, तेच पानावर

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बागेतला हापूस ऑनलाइन विकण्यासाठी तुझी वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने तुला तीन गोष्टी सुचवल्या आहेत. पहिल्याच दिवशी पन्नास रिव्ह्यू टाकून देतो, पानावर ‘वेळ संपत आली’ असं दाखवणारं उलटं चालणारं घड्याळ लावू, आणि मार्चमध्ये बागेतला माल पुरला नाही तर वाशी मार्केटमधून उचलून पेट्या भरू. ‘सगळेच करतात’ असं तू लिहिलंस आणि दोन ओळींनी ‘पण मनाला पटत नाही’ असंही. मला पहिलं वाक्य वाचून राग आला आणि दुसरं वाचून बरं वाटलं.

आधी माल उचलण्याचंच बोलू, कारण तिन्हींत तेच सगळ्यात गंभीर आहे. हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावण्याचा हक्क, मिळालं ऑक्टोबर 2018 मध्ये, तेही पाच जिल्ह्यांच्या नावाने: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर. वाशीत कर्नाटकचाही आंबा येतो. तिकडून आलेलं फळ ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून विकणं म्हणजे मानांकनाचा खोटा वापर. मानांकनाच्या 1999 च्या कायद्यात त्याला दंडाबरोबर कैदही आहे. कर्नाटकचा आंबा वाईट असतो असं मी म्हणत नाही. साल थोडी जाड, आतून केशरीपेक्षा पिवळट, पण नीट पिकला तर गोड लागतो आणि स्वस्तही पडतो. विकायचाच असेल तर ‘कर्नाटक हापूस’ असं वेगळं पान कर, वेगळा भाव लाव. घेणारे घेतील. जे पेटीत आहे तेच पानावर लिहायचं, एवढंच.

बाग वडिलांच्या नावावर आहे ना? मग चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयात त्यांच्या नावाने अधिकृत वापरकर्ता म्हणून अर्ज कर. सातबारा आणि बागेचा तपशील लागतो. शेजारच्या बागेतून माल घेणार असशील तर त्या शेतकऱ्याचा नोंदणी क्रमांक, तोडीची तारीख आणि किती डझन घेतले हे वहीत लिही आणि त्याची सही घे. पुढे कुणी विचारलं तर ही वहीच तुझा पुरावा. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली. एवढा खटाटोप त्यांना का करावा लागला, याचा जरा विचार कर. नावाचा बाजार मांडला की खऱ्या बागायतदाराला आपलंच फळ आपलं आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

आता शब्दांकडे येऊ. तुझ्या मसुद्यात ‘१००% केमिकल-फ्री, ऑरगॅनिक, नैसर्गिकरीत्या पिकवलेला’ असं एका दमात लिहिलंय. हे तीन वेगळे दावे आहेत आणि तिन्ही तुला सिद्ध करता आले पाहिजेत. वडिलांनी झाडांना कल्टार (मोहोर लवकर आणणारं रसायन) दिलं होतं का? मोहोराला तुडतुड्यासाठी, फुलकिडीसाठी किती फवारण्या झाल्या? झाल्या असतील, आणि कोकणात बहुतेकांच्या होतातच, तर ‘केमिकल-फ्री’ हा शब्द आजच काढून टाक. ‘ऑरगॅनिक’ किंवा ‘सेंद्रिय’ लिहायला साधारणपणे एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं. ‘आमच्याकडे शेणखत वापरतात’ हे प्रमाणपत्र नव्हे. पिकवण्याचं म्हणशील तर कॅल्शियम कार्बाइडवर देशभर बंदी आहे, 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनीच. पण इथिलीन गॅसने, ठरवून दिलेल्या मर्यादेत म्हणजे 100 पीपीएमपर्यंत (दहा लाख भाग हवेत 100 भाग), पिकवायला परवानगी आहे. तू गवताच्या आढीत पिकवतेस तर ‘भाताच्या गवतात पिकवलेला’ असं लिही. घाईच्या ऑर्डरला इथिलीनच्या खोलीत ठेवलास तर तेही लिही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, ते लपवलंस तर मात्र आहे.

‘मधुमेहींनाही चालणारा’ ही ओळ कुणी सुचवली मला माहीत नाही. काढ. आजाराचं नाव जाहिरातीत आलं की गोष्ट वेगळ्या आणि फार कडक कायद्यांत जाते. शिवाय कुणाची साखर वाढली तर तू काय उत्तर देणार?

आणि साका. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हापूस ऑनलाइन विकणाऱ्यांची बहुतेक भांडणं इथेच होतात. फळ बाहेरून सुंदर दिसतं, वास येतो, देठाजवळ रंग चढलेला असतो. कापलं की कोयीभोवती फिकट, स्पंजासारखा, आंबूस लागणारा गर. बाहेरून हे कुणालाच दिसत नाही, तुलाही नाही. झाडावर जास्त पक्व होऊ दिलेल्या फळात साक्याचं प्रमाण वाढतं, म्हणून चौदा आण्याला, म्हणजे पूर्ण पक्व होण्याच्या थोडं आधी, तोडणं बरं. तरीही काही फळांत तो निघतोच. बहुतेक विक्रेते पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहितात, ‘फळ नाशवंत आहे, परतावा मिळणार नाही’. हे कायद्यात टिकत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 नुसार माल सदोष निघाला, किंवा जाहिरातीत सांगितला तसा नसला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तू उलट कर. पानावर वरच, भावाच्या खाली लिही: ‘हापूसमध्ये साका निघू शकतो. कापलेल्या फळाचा फोटो 48 तासांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत.’ पाच डझनाच्या पेटीत 60 फळं. पेटी 5,000 रुपयांची आणि 4 फळं साक्याची निघाली तर 333 रुपये. आता हिशोब कर: 333 रुपये जास्त, की पुढच्या वर्षी न येणारं गिऱ्हाईक?

गिऱ्हाईक नागपूरचं असेल तर तक्रार नागपूरच्याच ग्राहक आयोगात करू शकतं, हेही लक्षात ठेव. 2019 च्या कायद्याने त्याला ती सोय दिली आहे. तुला लांज्याहून तिथे हजर व्हावं लागू शकतं. म्हणून तक्रार निवारण अधिकारी म्हणून पानावर नाव, फोन आणि ई-मेल दे. घरचंच कुणी असलं तरी चालेल. तक्रार आल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात, असं नियम सांगतो.

पेटीवरचं लेबल लोक विसरतात. पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, फळाचं नाव, किती डझन आणि निव्वळ वजन, पॅक केल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, ग्राहकाने संपर्क कुठे करायचा ते. वैधमापनाचे (वजन-मापांचे) नियम हे मागतात आणि यातलं महिना-वर्ष सोडून बाकी सगळं ऑनलाइन पानावरही हवं. वजन भरतानाचं लिही आणि ‘पिकताना घटतं’ असंही लिही, नाहीतर तराजू घेऊन बसलेलं गिऱ्हाईक तुला खोटी ठरवेल. दुसऱ्याचा माल घेऊन विकणार असशील तर एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणीचा 14 अंकी क्रमांक पानावर टाक. जीएसटीचं म्हणशील तर ताज्या आंब्यावर नाही. डबाबंद रस, आंबापोळी विकायला लागलीस की मात्र करपात्र झालीस, आणि ते दुसऱ्या राज्यात पाठवायचं असेल तर उलाढाल कितीही छोटी असली तरी आधी नोंदणी कर.

पन्नास रिव्ह्यूंना मी सरळ ‘नाही’ म्हणतो. स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहायला 2020 च्या नियमांत स्पष्ट मनाई आहे, आणि रिव्ह्यू कसे गोळा करावेत याबद्दल भारतीय मानक ब्युरोचं आयएस 19000:2022 हे मानकही आहे. पाच तारे दिले तर पुढच्या पेटीला शंभर रुपये सूट, हेही तसंच. फक्त थोडं सभ्य दिसतं. पेटी पोचल्यावर सात दिवसांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच मेसेज पाठव. खूश झालेल्यांना निवडून पाठवू नकोस, सगळ्यांना पाठव. पहिल्या वर्षी बारा रिव्ह्यू येतील. येऊ देत. त्यातले दोन वाईट असतील आणि त्यांच्या खाली तू काय उत्तर दिलंस, तेच लोक वाचतात.

उलट्या घड्याळाचंही तेच. ‘फक्त 3 पेट्या शिल्लक’ लिहिलंस आणि शेडमध्ये 40 पेट्या असतील तर ती खोटी घाई. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवायच्या अशा 13 प्रकारांना नावं देऊन मनाई केली आहे. त्यात आणखी दोन तुझ्या मसुद्यात आहेतच. डझनाचा भाव 900 दाखवून पैसे भरायच्या पायरीवर पॅकिंग, हाताळणी मिळून 1,140 करायचे, हा एक. दुसरा तो पॉपअप, ज्याच्या ‘नको’ बटणावर ‘मला भेसळीचा आंबा चालेल’ असं लिहिलंय. गिऱ्हाइकाला लाजवून विकायचं? आपल्या घरी असं कुणाशी बोलतात का? खरोखर तीन पेट्या उरल्या असतील तेव्हा ‘तीन उरल्यात’ लिही. तेव्हा लोक तुझ्यावर विश्वास ठेवतील.

रील करणाऱ्या त्या मुलीला फुकट पेटी पाठवणार आहेस. पाठव. पण पेटीही मोबदलाच असते, पैसेच द्यावे लागतात असं नाही. तिने व्हिडिओच्या सुरुवातीलाच, दिसेल असं, मराठी व्हिडिओ असेल तर मराठीतच ‘जाहिरात’ लिहिलं पाहिजे. हॅशटॅगच्या ढिगात दडवून चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि तिच्यावर एक ते तीन वर्षं जाहिरात करायची बंदीही घालू शकतं. हे तिला आधी सांग, मग पेटी पाठव.

गिऱ्हाइकांचे फोन नंबर हे तुझ्याकडे ठेवायला दिलेले आहेत, विकायला नाहीत. पत्ता पेटी पोचवण्यासाठी घेतलास. पुढच्या वर्षीचा ‘आंबा आला’ मेसेज हवा का, हे वेगळं विचार, आणि त्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवू नकोस. एक शब्द पाठवून नाव काढता यावं. लोकांची खासगी माहिती जपण्यासाठीचा डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायदा 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्या मुलाने मागच्या कुणाच्या तरी दोन हजार नंबरांची यादी देऊ केली आहे असं तू लिहिलंस. ती उघडूही नकोस.

इतक्या हट्टाने धंदा वाढत नाही असं तू म्हणशील. मलाही आयुष्यभर लोकांनी हेच सांगितलं, आणि धंदा हळू वाढतो हे खरंच आहे. जिथे मी हा हट्ट सैल केला तिथलीच मला खंत आहे, जिथे धरून बसलो तिथली नाही. म्हणून तुझ्या बाबतीत मी अधिकच अडून बसलोय. जे पेटीत, तेच पानावर. तुला कंटाळा आला असेल तरी पुन्हा सांगतो.

पहिली तोड होण्याआधी पानाचा नवा मसुदा आणि लेबलचा फोटो पाठव. फोटो आपल्याच बागेचा असू दे. इंटरनेटवरून उचललेला तो टवटवीत आंबा कुणाच्या तरी कॅमेऱ्याचा आणि कुणाच्या तरी मालकीचा आहे. साक्याची ओळ वर घेतलीस की नाही, ते मी सगळ्यात आधी बघेन.

तुझा,
काका