सांगायचं राहून गेलेलं पाप

ख्रिस्ती कुटुंबांतली जी माणसं माझ्याकडे येतात, त्यांच्या तोंडून एक प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की समोरच्याची पहिली दोन वाक्यं झाली की तिसरं मला कळतं. देव क्षमा करतो हे मान्य. पण मी सगळं सांगितलं का? विसरलेल्या पापाचं काय? पस्तावा खरा होता की नुसता तोंडदेखला? आणि त्या अवस्थेत प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली येशूच्या नावाची भाकर आणि द्राक्षारस, घेतलं असेल तर मी स्वतःवर दंड ओढवून घेतला का? कॉलेजातली मुलं हे विचारतात, निवृत्त शिक्षक विचारतात, एकदा एका पाळकसाहेबांनी स्वतःसाठीच विचारलं होतं. म्हणून एकीची गोष्ट लिहिते आहे, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ती नागपूरच्या एका रुग्णालयात नर्स. माहेर जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातलं, सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यातलं, जिथे घरात मराठी आणि चर्चमध्ये हिंदी चालते. 1877 साली स्वीडिश ल्यूथरन मिशनरी, म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या पंथाचे, मध्य प्रांतात आले. त्यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळीत तिचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालं होतं. म्हणजे ल्यूथरची प्रश्नोत्तरी, श्रद्धेचे धडे सवाल-जवाबात देणारं पुस्तक, लहानपणी पाठ केलेली, ल्यूथर माहीत, ‘कृपेने तारण’ तोंडपाठ. तरीही मोबाइलमध्ये पापांची यादी. रोज वाढणारी. कोणाशी तुसडेपणाने बोलले, प्रार्थनेत लक्ष नव्हतं, वॉर्डातल्या बाईबद्दल मनात वाईट आलं. महिन्यातून एखाद्या रविवारी ती गावी जायची आणि उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठून यादी वाचायची. परतीच्या बसमध्ये काहीतरी राहिल्याचं आठवायचं, की लगेच फोन. रात्री नवऱ्याला उठवून विचारायचं, “मी ते नीट सांगितलं होतं ना?” सहा महिन्यांपासून प्रभुभोजनाच्या वेळी ती बाकावरच बसून राहत होती.

“आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, ताई,” ती म्हणाली. “चार्टवर लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरायचं. मग जे सांगितलंच नाही, ते माफ कसं होईल?”

तिचा तर्क चोख होता. अशा माणसांचा तर्क बहुतेक वेळा चोखच असतो, आणि वाद घालून त्यांना हरवता येत नाही. मी ज्या वळणाची समुपदेशक आहे त्यात विचार खोडण्यापेक्षा वागण्यातली एखादी कडी तोडण्यावर भर असतो. विचार मग आपोआप सैल होतात. पण धर्मभीरू माणसाच्या बाबतीत तेवढंही पुरत नाही. कडी तोडायला त्याला परवानगी लागते, आणि ती त्याच्या स्वतःच्या श्रद्धेतून यावी लागते. मी बाहेरून “एवढं मनावर घेऊ नकोस” म्हटलं तर तिच्या लेखी तो मोहच ठरणार. माझ्या कामात मी शिकलेली ही सगळ्यांत उपयोगी गोष्ट आहे, आणि पाळक लोक माझ्याकडे माणसं पाठवतात ते बहुधा यामुळेच.

आधी एक व्यवहाराची गोष्ट केली. तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणायचे आणि आता सगळे ओसीडी म्हणतात, त्याचा हा धार्मिक प्रकार होता. हात धुणाऱ्याला हात स्वच्छ वाटत नाहीत, हिला मन स्वच्छ वाटत नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं तिच्या सासूबाईंचं मत होतं. त्यांना मी एवढंच विचारलं की त्यांची रक्तदाबाची गोळी कुठल्या पापाबद्दल आहे. त्या हसल्या, विषय संपला.

मग ल्यूथर. 31 ऑक्टोबर 1517 ला ल्यूथरने मांडलेले 95 प्रबंध तिला माहीत होते, ज्याच्याविरुद्ध ते होते तो टेट्झेलचा क्षमापत्रांचा, म्हणजे पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करण्याचा, व्यापार माहीत होता. त्याआधीचा ल्यूथर माहीत नव्हता. 1505 मध्ये तो एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला, आणि तिथे पापं सांगत तासन्‌तास बसायचा. बाहेर पडला की काही राहिल्याचं आठवायचं, मग परत. त्याचा वरिष्ठ योहान फॉन स्टाउपिट्झ कंटाळून जायचा. 1215 च्या लॅटरन परिषदेपासून नियमच होता, की प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आपली सगळी पापं धर्मगुरूला सांगावीत. या ‘सगळी’ने ल्यूथरला पुरतं जेरीला आणलं होतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्याच्याकडे मोबाइल नव्हता म्हणून बरं.”

त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. पुढचं काम सोपं नव्हतं, पण सुरू तरी झालं.

अनेकांना वाटतं की ल्यूथरने पापांगीकार, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करून क्षमेचे शब्द ऐकण्याचा विधी, काढून टाकला. तसं झालेलं नाही, आणि माझ्या दृष्टीने या विषयातली सगळ्यांत महत्त्वाची बाब हीच आहे. 1521 च्या अखेरीस ल्यूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपलेला असताना त्याचा सहकारी कार्लश्टाट याने ल्यूथरच्याच विटेनबर्ग गावात पापांगीकाराशिवाय प्रभुभोजन सुरू केलं. मार्च 1522 मध्ये ल्यूथर परतला आणि त्याने सलग आठ दिवस प्रवचनं दिली. शेवटचं पापांगीकारावर होतं. सक्ती कोणावर नको, पण एकांतातला पापांगीकार मी कोणालाही हिरावून घेऊ देणार नाही, असा त्याचा सूर होता. 1530 चा आउग्सबुर्ग कबुलीजबाब म्हणजे ल्यूथरन पंथाचा श्रद्धेचा जाहीरनामा; त्याचं अकरावं कलम दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतं: खासगीत दिली जाणारी क्षमा मंडळीत टिकवावी, मात्र सगळी पापं मोजून सांगण्याची गरज नाही, कारण ते अशक्य आहे. आधार दिलाय 19 व्या स्तोत्राचा. आपल्या चुका कोणाला कळतात, असं स्तोत्रकर्ताच तिथे विचारतो.

ल्यूथरची लघु प्रश्नोत्तरी, तिने लहानपणी पाठ केलेली, तर आणखी स्पष्ट आहे. देवापुढे सगळ्या पापांची कबुली द्यायची, माहीत नसलेल्यांचीही, जशी आपण प्रभूच्या प्रार्थनेत देतो. पाळकापुढे मात्र फक्त तीच सांगायची जी आपल्याला माहीत आहेत आणि मनाला टोचतात. शिवाय ल्यूथर ताकीद देतो की पापं शोधत बसू नका, नवी रचू नका, पापांगीकाराचा छळ करून ठेवू नका; एक-दोन सांगा, तेवढं पुरे.

“एक-दोन?” तिने विचारलं.

“एक-दोन.”

“मग बाकीची?”

“बाकीची देवाला सांगून झाली. नाव न घेता.”

हे तिला पटलं नाही. उलट ती चिडली. तिच्या मते ही पळवाट होती. पुढच्या वेळी मात्र ती यादी न उघडता बसली, आणि एकच गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी रात्रपाळीत तिला डुलकी लागली होती. पहाटे एका पेशंटचा रक्तदाब न मोजताच तिने चार्टवर आकडा भरला. पेशंटला काही झालं नाही, तो बरा होऊन घरी गेला. कोणाला कळलंही नाही. ही नोंद तिच्या यादीत कधीच नव्हती.

यादी का वाढत होती ते मला तेव्हा उमगलं. चाळीस बारीकसारीक पापांच्या गर्दीत एक खरं पाप झाकलं गेलं होतं. सगळं सांगण्याच्या हट्टामुळे नेमकं तेच सांगायचं राहत होतं. ल्यूथरचं ‘एक-दोन पुरे’ मी तोवर सवलत म्हणून वाचत आले होते. तिच्या समोर बसून लक्षात आलं की ते सवलतीपेक्षा कठीण आहे. एकच सांगायचं म्हटलं की खरं तेच सांगावं लागतं.

तिला शिक्षा हवी होती. “पाळकसाहेबांना सांगा मला काहीतरी प्रायश्चित्त द्यायला.” स्वतःहून ती उपास करतच होती, पगारातला मोठा भाग देऊन टाकत होती. इथे ल्यूथरन शिकवण फार सरळ आहे, आणि मला ती मानसशास्त्राच्या दृष्टीनेही शहाणपणाची वाटते: क्षमेची किंमत म्हणून काहीही भरायचं नाही. कोणाचं नुकसान केलं असेल तर ते भरून द्यायचं, कारण ते शेजाऱ्याचं देणं आहे. त्याने देव राजी होतो म्हणून नव्हे. इथे भरून द्यायला कोणी उरलं नव्हतं. पुढे चार्ट खरा भरायचा, एवढंच शिल्लक होतं. ते ती आधीपासून करत होती, गरजेपेक्षा जास्तच.

मग मी तिच्या संमतीने पाळकसाहेबांना भेटले. तिने काय सांगितलं हे मी त्यांना विचारलं नाही, विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. ते गुपित राखणं त्यांच्या दीक्षेचाच भाग आहे. आमच्यात ठरलं ते एवढंच. महिन्यातून एकदा, चर्चमध्ये, प्रश्नोत्तरीतल्या क्रमाने. एक किंवा दोन गोष्टी. क्षमेचे शब्द एकदाच. त्यानंतर तिचा फोन आला तर पाळकसाहेबांनी म्हणायचं, “उत्तर दिलेलं आहे,” आणि फोन ठेवायचा. नवऱ्यालाही तोच नियम.

पाळकसाहेबांना ते जड गेलं. रडणाऱ्या माणसाला दिलासा न देणं त्यांना निर्दयपणा वाटत होता. मी त्यांना म्हटलं, दिलासा म्हणजे खाजवणं आहे. घडीभर बरं वाटतं आणि खाज वाढते. क्षमेचं तसं नाही. ती एकदा दिली की दिली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा त्याच गोष्टीसाठी तेच शब्द उच्चारले तर पहिल्या वेळचे कच्चे होते असंच आपण तिला शिकवतो. पाळकसाहेब म्हणाले, हे तर धर्मशास्त्र झालं, समुपदेशन कुठाय? मला ते कौतुक वाटलं, त्यांचा तसा हेतू नसला तरी.

गाडी अडली ती भलत्याच ठिकाणी. त्या क्रमात पाळक विचारतो: माझी क्षमा ही देवाची क्षमा आहे, असा तुझा विश्वास आहे का? उत्तर द्यायचं, हो. ती इथे थिजायची.

“माझा ‘हो’ खोटा असला तर?” ती मला म्हणाली. “मला आतून काहीच वाटत नाही. विश्वासच नसेल तर क्षमा कशी लागू होईल?”

पापांची यादी बंद झाली आणि विश्वासाची तपासणी सुरू झाली. हे फार जणांचं होतं. कर्मांवरून नजर काढतात आणि स्वतःच्या विश्वासावर ठेवतात, नजर आतच.

मी तिला तो प्रश्न पुन्हा वाचायला लावला. सावकाश.

“यात तुझ्या मनाबद्दल काय विचारलंय?”

तिने पुन्हा वाचलं. “विश्वास आहे का, असं.”

“कशाबद्दल?”

“की... ही क्षमा देवाची आहे.”

“तुला क्षमा झाल्यासारखं वाटतं का, असं विचारलंय?”

“नाही.”

“तुझा विश्वास किती घट्ट आहे, असं?”

“नाही.” मग थोडं थांबून, “हा प्रश्न माझ्याबद्दल नाहीच आहे. क्षमा कोणाची, एवढंच विचारतायत.”

“मग कोणाची?”

“देवाची,” ती म्हणाली, वॉर्डात पेशंटचं नाव सांगावं इतक्या सहज. “ते तर मला माहीत आहे.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला एखादं छान वाक्य सुचतं, आणि ते गिळून टाकणं हे कौशल्य आहे.

ल्यूथरच्या शिकवणीचा सगळा जोर मला इथे दिसतो. क्षमा माणसाच्या आत सापडत नाही; ती बाहेरून, दुसऱ्याच्या तोंडून, कानांवर येते. ज्याला स्वतःच्या मनाचा भरवसा उरलेला नाही त्याच्यासाठी हीच जागा सुरक्षित आहे.

रविवारच्या उपासनेत सगळ्यांना मिळून जी क्षमा जाहीर होते ती मला पुरते का, असंही पुष्कळ जण विचारतात. यावर 1533 मध्ये न्यूरेंबर्गला चांगलंच भांडण झालं होतं. तिथला धर्मोपदेशक ओसियांडर याचा सामुदायिक क्षमेला विरोध होता. विटेनबर्गहून ल्यूथर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कळवलं की दोन्ही खऱ्या आहेत. शुभवर्तमान अनेकांना सांगितलं काय आणि एकाला सांगितलं काय, ते क्षमाच देतं. एकट्याने ऐकण्याची गरज ज्याला वाटते त्याने एकट्याने ऐकावं.

तेच पाप पुन्हा घडलं तर आधीची क्षमा रद्द होत नाही. 95 प्रबंधांतला पहिलाच म्हणतो की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. पुन्हा येणं त्यात धरलेलंच आहे. पण पुन्हा चूक झाली म्हणून येणं वेगळं, आणि माफ झालेल्या जुन्या चुकीसाठी पुन्हा येणं वेगळं. दुसरं करावंसं वाटलं तर पाळकांपेक्षा डॉक्टरांना आधी भेटा.

प्रभुभोजनाबद्दल, बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाने (अयोग्य रीतीने खाणारा स्वतःवर दंड ओढवतो, असं तिथे आहे) घाबरलेल्यांसाठी: लघु प्रश्नोत्तरी उपास आणि शरीराच्या तयारीला चांगली शिस्त म्हणते, पण योग्य कोण याचं उत्तर वेगळं देते. ‘तुमच्यासाठी, पापांच्या क्षमेसाठी’ या शब्दांवर जो विश्वास ठेवतो तो योग्य. मोठ्या प्रश्नोत्तरीत ल्यूथर म्हणतो की शुद्ध होईपर्यंत थांबलात तर कधीच येणार नाही.

तिने त्या वर्षी येशूच्या आगमनकाळातल्या एका रविवारी प्रभुभोजन घेतलं. हात थरथरत होते, असं तिने सांगितलं, आणि बसमध्ये फोन करायची तीव्र इच्छा झाली. केला नाही. पुढच्या महिन्यात मात्र केला. पाळकसाहेबांनी ठरल्याप्रमाणे उत्तर दिलं आणि ठेवला. ती त्यांच्यावर आठवडाभर रागावली होती. मला तो राग फार आवडला. धास्तावलेली बाई पाळकांवर रागावत नाही.

आजार पूर्ण गेलेला नाही. ड्युटी जड झाली की यादी करावीशी वाटते, कधी दोन-चार ओळी लिहितेही. डॉक्टरांनी गोळी निम्म्यावर आणली आहे.

पाळकांना माझं एक सांगणं आहे. आपल्या उपासनाविधीच्या पुस्तकात खासगी पापांगीकाराचा क्रम असेल तर वर्षातून एकदा तरी मंडळीत सांगा की तो आहे, कोणत्या दिवशी भेटाल, आणि तिथलं बोलणं बाहेर जाणार नाही. लोक मागत नाहीत म्हणून तो बंद पडतो, आणि बंद दिसतो म्हणून लोक मागत नाहीत. मग ती माणसं रात्री अकरा वाजता तुम्हालाच फोन करतात.