चादर, चादोर की बुरखा?

प्रश्न असा: इराणी चित्रपटावरच्या एका मराठी लेखात नऊ वर्षांच्या हव्वाला ‘चादर घ्यावी’ लागते असं लिहिलंय. मुलगी आजारी आहे का? की इथे ‘बुरखा’ हवा होता?

मुलगी ठणठणीत आहे. चित्रपट मर्झिये मेश्किनी यांचा, ‘द डे आय बिकेम अ वुमन’ (२०००). नऊ पूर्ण झाली की मुलगी बाई, आता मुलांत खेळायचं नाही. आजी दुपारपर्यंत सवलत देते: काठी वाळूत रोव, सावली नाहीशी झाली की घरी ये. किनाऱ्यावरची पोरं शिडासाठी हव्वाचा डोक्याचा रुमाल मागतात आणि ती प्लास्टिकच्या माशाच्या बदल्यात तो देऊनही टाकते. मग येते ती काळी चादोर.

शब्द ओळखीचा वाटतो हीच गोची. फारसीत ‘चादोर’ म्हणजे डोक्यावरून पायापर्यंतचं बायकांचं वस्त्र, आणि तंबूसुद्धा. तंबूत राहणारे भटके ते ‘चादोरनशीन’. मराठीत आली ती मात्र थेट अंथरुणात शिरली. सोलापुरी चादर म्हटलं की आपल्याला झोपच आठवणार!

बुरखा तर नकोच. चादोरमध्ये चेहरा उघडा असतो. साध्या चादोरला बटण नाही की नाडी नाही. हनुवटीखाली हातानं धरायची, हातात सामान असेल तर दातात. शिवाय मराठीत बुरखा असतो तो बहुधा ‘फाडायला’.

इराणमध्ये सक्ती डोकं झाकण्याची आहे, चादोरचीच नव्हे. रूसरी म्हणजे डोक्याचा रुमाल आणि मांतो (फ्रेंचांकडून आलेला लांब कोट, लेखक मंटोंशी संबंध नाही) एवढ्यावरही भागतं. असगर फरहादींच्या ‘अ सेपरेशन’मध्ये (२०११) मालकीण सिमीन रुमालात आणि कामाला येणारी रझिये चादोरमध्ये. आजारी म्हाताऱ्याचे कपडे बदलले तर पाप लागेल का, हे रझिये फोन करून विचारते. दोघींना सरसकट ‘बुरखा’ घातलात तर हा वर्गाचा फरक पुसला जातो.

जाता जाता ‘नामहरम’ही घ्या: जिच्यासमोर बाईनं उघड्या डोक्यानं येऊ नये अशी परकी पुरुष व्यक्ती. पडद्यावरची बायको स्वतःच्या घरात, नवऱ्यासमोरही डोकं झाकून वावरते, कारण नवरा परका नसला तरी प्रेक्षक परका.

तेव्हा ‘चादोर’ लिहा. ‘घेणे’ मात्र तसंच राहू द्या. आपण पदर घेतो, ओढणीही घेतो.