वडिलांच्या खुर्चीत बसण्याआधी ‘किंग लिअर’ वाच

कारखाना तुझ्याकडे येणार हे ठरलंय, तर मॅनेजमेंटची पुस्तकं महिनाभर बाजूला ठेव आणि शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ वाच. इंग्रजी जड गेलं तर विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ आहे.

पहिला प्रवेश दोनदा वाच. म्हातारा राजा राज्य वाटायला बसतो आणि मुलींना विचारतो, माझ्यावर कुणाचं प्रेम जास्त? थोरल्या दोघी गोड बोलून हिस्सा घेतात. धाकटी कॉर्डेलिया सरळ बोलते, तिच्या हाती काही लागत नाही. केंट हा निष्ठावंत सरदार राजाला तोंडावर चूक सांगतो, तर तो हद्दपार. आपल्या बैठकांतही हेच चालतं रे. साहेबाला काय ऐकायचंय ते ओळखून माणसं बोलतात. म्हणून तू आधी मत देऊ नकोस, सगळ्यांच्या शेवटी बोल. मी हे फार उशिरा शिकलो. नवं मशीन घेऊ नका, असं आमचा जुना फोरमन सांगत होता आणि मी चारचौघांत त्याला गप्प बसवलं. पुन्हा त्याने कधी तोंड उघडलं नाही.

मग शंभर सरदारांचा प्रसंग. राज्य देऊन टाकलं, पण लिअरला लवाजमा हवाच आहे. मुली शंभराचे पन्नास करतात, पन्नासाचे पंचवीस, मग म्हणतात, एक तरी कशाला? वडिलांनी सह्या करणं थांबवल्यावर त्यांची केबिन, कामगारांमधला रोजचा फेरा, जुन्या गिऱ्हाइकांशी बोलणं यांचं काय, हे त्यांच्यासोबत बसून आत्ताच ठरव.