नागपूर ते कन्याकुमारी कारनं जायचंय, तंबू सोबत आहे. फुकट किंवा स्वस्तात मुक्काम करता येईल अशा निर्जन जागा कशा शोधायच्या?

प्रश्नातल्या 'निर्जन' या शब्दामुळे लिहायला बसलो.

२०१९ चा डिसेंबर. याच रस्त्यानं आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो होतो. एकीत मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी, दुसरीत साडूभाऊंचं कुटुंब. मुक्कामाचं सगळं साडूभाऊंकडे होतं. त्यांचं म्हणणं असं, की विचारायला गेलं की लोक नाहीच म्हणतात. त्यापेक्षा अंधार पडू द्यायचा, हायवे सोडून किलोमीटरभर आत जायचं, तंबू ठोकायचा आणि उजाडायच्या आत निघायचं. मला ते पटलं नव्हतं. आदल्या रात्री त्यांच्या घरी तसं बोललोही. पण ते वयानं मोठे, अशा चार ट्रिपा केलेले. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा राग मला अजून आहे.

नागपूर सोडायलाच दुपारचे तीन वाजले. पांढरकवडा यायच्या आत अंधार झाला. ढाब्यावर जेवलो आणि पाटणबोरीच्या अलीकडे एका पांदणीत गाड्या घातल्या. दोन्हीकडे कपाशी, अर्धी वेचलेली. धुऱ्याला लागून एक साफ पट्टा होता, तिथे तंबू लावले. एकही दिवा दिसत नव्हता. साडूभाऊ खूश.

साडेदहाच्या सुमारास मुलीला लघवीला लागली. ती टॉर्च घेऊन बाहेर पडली, मी चपला शोधत होतो. तेवढ्यात कपाशीतून आवाज आला, "ए पोरी, थांब तिथंच! पाय नको उचलू!"

जागलीला आलेला साठीचा कास्तकार होता. मचाणावरून आमचे उजेड पाहून धावत आला होता, धाप लागली होती त्याला. त्यानं मुलीच्या हातातली टॉर्च घेतली आणि खाली धरली. तिच्यापुढे जेमतेम चार पावलांवर, गुडघ्याच्याही खाली, खुंट्यांना बांधलेली तार होती. सायकलच्या स्पोकएवढी बारीक. दव पडलं होतं, तारेला थेंब लोंबत होते. "डुकराईसाठी हाय," तो म्हणाला.

विदर्भातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. झटका मशीनची तार असेल तर जोराचा झटका बसतो आणि जनावर मागे फिरतं. पण रानडुकरांनी हातातोंडाशी आलेलं पीक लोळवलं की कोणी कोणी थेट लाइनवरून करंट सोडतो. त्यात डुकरं मरतात, वाघ मरतात, माणसंही मरतात. ती तार कोणती होती हे मी विचारलं नाही. आजही मला ते कळून घ्यायचं नाही.

"गावात याचं ना बाप्पा," तो म्हणाला. "लेकराईले घेऊन इथं काहून झोपता? मंदिर हाय, बोरिंग हाय. कोन नाही म्हनते?"

त्यानं आम्हाला गावात नेलं, हनुमान मंदिराचा सभामंडप उघडून दिला, घरून सतरंज्या आणल्या. सकाळी चहा आणि चुलीवरच्या भाकरी. पैसे घेतले नाहीत. डिक्कीतली संत्र्यांची पिशवी मात्र घेतली.

वाघाचंही सांगतो. टिपेश्वर अभयारण्य त्याच भागात. टिपेश्वरहून निघालेला, कॉलर लावलेला एक वाघ साधारण तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तोही त्याच डिसेंबरात. त्याची बरीचशी वाट अशाच वावरांतून गेली होती. आपल्याकडे 'निर्जन' म्हणजे एवढंच, की तिथलं माणूस आत्ता आपल्याला दिसत नाहीये. जमीन कोणाची तरी असतेच. कोणाची नसली तर सरकारची असते, आणि वनविभागाची असली तर तिथे परवानगीशिवाय रात्र काढणं हा गुन्हा आहे.

पुढचे अकरा मुक्काम मी ठरवले. साडेचारनंतर गाडी चालवायची नाही. गावातल्या चहाच्या टपरीवर थांबायचं, बायका-मुलांना गाडीतून उतरू द्यायचं, चहा प्यायचा आणि मग विचारायचं. महाराष्ट्रात असाल तर सरपंच किंवा पोलीस पाटलाचं घर विचारा. कोण आहात, किती जण आहात, एकच रात्र राहणार हे सांगा आणि गाडीचा नंबर स्वतःहून लिहून द्या. अकरापैकी दोनच ठिकाणी नकार आला, आणि दोन्ही ठिकाणी पुढे कुठे सोय होईल ते त्यांनीच सांगितलं.

गाव जमलं नाही तर मोठा पेट्रोल पंप. टाकी फुल करा, मग मॅनेजरला विचारा. रात्रभर उजेड, पाणी, संडास, आणि शेजारी ट्रकवाले झोपलेले. ट्रक मागे घेतात त्या बाजूला मात्र तंबू नको. थंडी-उन्हाळा काहीही असो, गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नका. धुराचा विषारी वायू आत साचतो आणि माणूस झोपेतच जातो.

स्वस्त म्हणाल तर थोडी वाट वाकडी करून नांदेडवरून जा. हुजूर साहिबला यात्री निवास आहे, लंगर आहे. तिथून बीदरला गुरुद्वारा नानक झिरा साहिब, मग हैदराबाद. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायचं, तंबाखू-दारू गाडीतही नको. पुढे कर्नूलकडून मंत्रालयमला वळलात तर राघवेंद्र स्वामींच्या मठाच्या खोल्या मिळतात. कन्याकुमारीत विवेकानंदपुरम सोडून दुसरीकडे बघूच नका. विवेकानंद केंद्राचा तो मोठा परिसर आहे, साध्या खोल्यांपासून सोय होते. केंद्र उभं करणारे एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, शिकले नागपुरात. तिथे पोचल्यावर मला घरी आल्यासारखं वाटलं होतं.

आमचे साडूभाऊ अजूनही प्रत्येक लग्नकार्यात म्हणतात, "ती जागा झकास होती, झालं तर काहीच नाही ना?" झालं नाही, कारण एक म्हातारा माणूस थंडीत मचाणावरून उतरून धावत आला. आपण विचारलं नाही म्हणून त्याला धावावं लागलं. मी हे त्यांना तोंडावर सांगितलंय, इथेही सांगतो.

आता काही गोष्टी राहिल्या. आदिलाबादेपर्यंत मराठी चालते, हैदराबादकडे हिंदी. तामिळनाडूतल्या खेड्यांत यातलं काही उपयोगी पडलं नाही, तिथे आम्ही पंप आणि देवस्थानांवरच राहिलो. मी कुटुंबाबरोबर होतो. एकट्या बाईनं प्रवास करताना गावात विचारून राहावं का, हे मी माझ्या अनुभवावरून सांगू शकत नाही. तंबूची चेन रात्रभर बंद ठेवा आणि चपला-बूट आतच घ्या. मण्यार बहुतेक रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला बरेचदा चावते.

आणि पावसाळ्यात निघत असाल तर तंबू घरीच ठेवा. काळ्या मातीत एकदा चाक बसलं की ट्रॅक्टर येईपर्यंत गाडी निघत नाही.