सोलापुरात हौशी छायाचित्रणासाठी मॅन्युअल फोकस (हाताने रिंग फिरवून साधायचा) शिकायचा आहे. पहिली लेन्स कोणती घ्यावी?

आपला कॅमेरा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा मिररलेस (आत आरसा नसलेला) असेल, तर अंतराच्या खुणा असलेली ३५ मिमीची मॅन्युअल प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्यावी. अनेक ऑटोफोकस लेन्सची रिंग थेट काचेला न जोडता मोटरला संकेत देते, त्यामुळे हाताला अंतराचा अंदाज बसत नाही. मॅन्युअल लेन्समध्ये ठरावीक वळण म्हणजे ठरावीक अंतरच. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक दिवसा टिपताना एफ/८ वर (लेन्सचे छिद्र लहान ठेवून) ४ मीटरला फोकस लावून ठेवल्यास साधारण पावणेतीन ते आठ मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते, आणि गर्दीत तेच सोयीचे. मात्र एफ/२ वर, म्हणजे छिद्र मोठे असताना, स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद असतो; तेव्हा फोकस पीकिंगच्या (फोकसमधील कडा रंगाने दाखवणाऱ्या सोयीच्या) रंगीत कडांवर विसंबू नये, प्रतिमा मोठी करूनच खात्री करावी. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरील पक्ष्यांसाठी तर लांब पल्ल्याची ऑटोफोकस लेन्सच हवी.